कव्हरची पाठ आधी वाचा: कोल्हापुरात स्वस्तातला ब्लू-रे प्लेअर घेणाऱ्यांसाठी

माझा पहिला ब्लू-रे प्लेअर, म्हणजे डीव्हीडीहून कितीतरी स्वच्छ चित्र देणाऱ्या ब्लू-रे डिस्क चालवणारं यंत्र, मी गावातल्याच एका दुकानातून घेतला. खोक्यावर दुकानदारानं स्वतःच्या हातानं पट्टी चिकटवली होती: 'ऑल रिजन'. विचारलं तर म्हणाला, "कुठलीबी डिस्क घाला सर, चालणारच." त्याच दिवाळीत भाचा न्यू जर्सीहून आला आणि येताना माझ्यासाठी सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीचा क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीनं काढलेला ब्लू-रे संच घेऊन आला. जेवणं उरकली, दिवे मालवले, सगळे टीव्हीसमोर बसलो. ट्रे आत गेला आणि पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली: ही डिस्क तुमच्या विभागासाठी नाही. बंगालातला पिक्चर, बघणारे भारतीय, प्लेअर भारतात घेतलेला, आणि उत्तर काय तर तुमच्यासाठी नाही!

दुसऱ्या दिवशी प्लेअर काखेत मारून दुकानात गेलो. दुकानदारानं शांतपणे आतून एक अमेरिकन डीव्हीडी आणली, घातली, आणि ती चालली. "बघा, चालतंय की!" माणूस खोटं बोलत नव्हता. डीव्हीडीपुरतं त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. डिस्क ठरावीक देशांसाठी बनलेल्या प्लेअरवरच चालावी म्हणून तिला विभागाचं कुलूप घालतात, आणि ब्लू-रेचं कुलूप वेगळं असतं, हे त्याला ठाऊक नव्हतं आणि मला तर नव्हतंच.

तुमच्यावर ही पाळी येऊ नये म्हणून पुढचं सगळं. क्रम मुद्दाम उलटा ठेवलाय. प्लेअर शेवटी घ्यायचा, आधी डिस्क बघायच्या.

पहिली पायरी: आपल्याला खरंच हवाय का?

घरात एकही डिस्क नसेल, पुढेही घ्यायचा विचार नसेल आणि सगळं बघणं मोबाईलवर किंवा ओटीटीवर होत असेल, तर हे पैसे वाचवा आणि रंकाळ्यावर जाऊन भेळ खा. प्लेअर घेऊन तो धूळ खात पडणार.

पण घरी डीव्हीडींचा ढीग आहे, जुने पिक्चर चांगल्या प्रतीत बघायचेत, किंवा आज ओटीटीवर असलेला पिक्चर उद्या गायब होतो याचा वैताग आलाय, तर हा खर्च वाया जात नाही. ब्लू-रेवर चित्राची माहिती सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत वेगानं वाचली जाते. इंटरनेटवरून येणाऱ्या फुल एचडी चित्राला साधारणपणे याच्या जवळपासही जागा मिळत नाही. अंधारातली दृश्यं, पाऊस, धुकं, धूर अशा ठिकाणी हा फरक डोळ्यांना चटकन कळतो. ओटीटीवर काळोखात चौकटी-चौकटी दिसतात, ब्लू-रेवर काळोख काळोखासारखा दिसतो. आवाजाचा फरक तर त्याहून मोठा.

टीव्ही ३२ इंची आणि नुसता 'एचडी रेडी' असेल तर मात्र फार आशा ठेवू नका. फरक पडेल, पण त्यासाठी शेजाऱ्यांना बोलावून दाखवावं इतका नाही.

दुसरी पायरी: कव्हर उलटं करा

१९२९ साली प्रभात फिल्म कंपनी ज्या गावात उभी राहिली, त्या गावात पिक्चरचं वेड नवं नाही. सीडी लायब्रीतून चोवीस तासांसाठी डिस्क आणायची आणि उशीर झाला की दंड भरायचा, हे माझ्या पिढीनं पोटभर केलंय. पण त्या काळात कव्हरची पुढची बाजू सोडून मागं कुणी बघितलंच नाही. खरी गोष्ट मागं, खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात असते.

तिथं तीन प्रकारच्या खुणा सापडतील.

डीव्हीडी असेल तर पृथ्वीच्या गोलाचं छोटं चित्र आणि त्यात आकडा. १ म्हणजे अमेरिका आणि कॅनडा. २ म्हणजे युरोप, जपान आणि आखाती देश. ३ म्हणजे आग्नेय आशिया, हाँगकाँग, तैवान, दक्षिण कोरिया. ४ म्हणजे लॅटिन अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. ५ आपला: भारत, त्याबरोबर रशिया आणि आफ्रिकेचा बराचसा भाग. ६ म्हणजे चीन. आकड्याऐवजी 'ऑल' लिहिलं असेल तर कुलूप नाही. हिंदी पिक्चरच्या पुष्कळ डीव्हीडी अशाच निघाल्या, कारण त्या परदेशातल्या आपल्या लोकांनाही विकायच्या होत्या.

ब्लू-रे असेल तर षटकोनी खूण आणि त्यात ए, बी किंवा सी हे इंग्रजी अक्षर. इथं जगाचे तीनच तुकडे आहेत. ए मध्ये उत्तर आणि दक्षिण अमेरिका, जपान, कोरिया, तैवान, हाँगकाँग आणि आग्नेय आशिया. बी मध्ये युरोप, आफ्रिका, आखाती देश, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. सी मध्ये भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका, चीन, रशिया. कधी एकाच कव्हरवर दोन-तीन अक्षरं असतात. तिन्ही असली तर निर्धास्त राहा.

आणि तिसरा प्रकार, काळ्या कव्हरची ४के अल्ट्रा एचडी (फुल एचडीहूनही बारीक चित्राची) डिस्क. हिला विभागाचं कुलूप नसतं. जगात कुठंही घ्या, कुठल्याही ४के प्लेअरमध्ये चालते. मात्र साध्या ब्लू-रे प्लेअरमध्ये ही अजिबात चालत नाही, आणि दुकानात हे कुणी आपणहून सांगत नाही. शिवाय ४के च्या संचात बऱ्याचदा सोबत एक साधी ब्लू-रेही असते आणि तिला कुलूप असू शकतं. दिवाळी अंकाबरोबर कॅलेंडर यावं तशी ती सोबत आलेली असते, आणि पुष्कळदा पडद्यामागच्या गमतीजमती, मुलाखती वगैरे तिच्यावरच असतात.

आता घरातल्या सगळ्या डिस्क जमिनीवर मांडा आणि कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजा. हा अर्धा तास घालवाच. कुठला प्लेअर घ्यायचा हे त्यावरूनच ठरतं.

कुलूप नेमकं कुठं असतं?

हा भाग वगळून थेट खरेदीकडे गेलात तरी चालेल, पण समजून घेतला तर दुकानदाराच्या बोलण्याला भुलणार नाही.

मुळात हा खटाटोप का? पिक्चर सगळ्या जगात एकाच दिवशी लागत नसत. अमेरिकेत थिएटरमधून उतरून डिस्क निघायची तेव्हा दुसऱ्या देशात तो अजून लागायचाही असायचा. अमेरिकेतली डिस्क तिथं आधीच पोचली तर थिएटरवाल्याचं नुकसान. त्यात एकाच पिक्चरचे हक्क प्रत्येक देशात वेगळ्या कंपनीला विकलेले. म्हणून ही कुंपणं घातली.

डीव्हीडीच्या बाबतीत डिस्कवर आकडा आणि प्लेअरमध्ये आकडा, दोन्ही जुळले तर चालणार. प्लेअरमधला हा आकडा बदलणं बऱ्याच कंपन्यांनी सोपं ठेवलं. ट्रे उघडायचा, रिमोटवर ठरावीक आकडे दाबायचे, झालं. 'ऑल रिजन' नावाची जी पट्टी चिकटवतात ती याच जोरावर. कॉम्प्युटरच्या डीव्हीडी ड्राइव्हला मात्र विभाग पाचच वेळा बदलता येतो. पाचव्या वेळी जिथं ठेवाल तिथं तो कायमचा बसतो, तेव्हा तिथं उगीच खेळू नका.

ब्लू-रेची तऱ्हा निराळी. इथं तपासणी डिस्कवरचा प्रोग्रॅम करतो. प्लेअरमध्ये एका ठरलेल्या जागी, रजिस्टर क्रमांक २० मध्ये, त्याचा विभाग लिहिलेला असतो. डिस्क आत गेली की तिच्यावरचा प्रोग्रॅम ती नोंद वाचतो आणि पुढं जायचं की नाही हे स्वतः ठरवतो. माझ्या पडद्यावर आलेली ती इंग्रजी ओळसुद्धा प्लेअरची नव्हती, डिस्कवरच भरून ठेवलेली होती. म्हणजे पाव्हणा घरात आला, भिंतीवरची पाटी वाचली आणि 'चुकीच्या घरी आलो' म्हणून उठून गेला.

यातून दोन गोष्टी निघतात. डिस्क बनवणाऱ्यानं ही तपासणी घातलीच नसेल तर ती डिस्क कुठंही चालते, कव्हरवर ए लिहिलेलं असलं तरी. वॉर्नर आणि पॅरामाउंट यांच्या बऱ्याच ब्लू-रे अशा मोकळ्या निघाल्यात. त्यामुळे नुसतं कव्हर बघून निराश होऊ नका. ब्लू-रे डॉट कॉम या साईटवर डिस्कचं नाव टाकलं तर कुलूप आहे की नाही याची नोंद बहुतेक वेळा सापडते. उलट क्रायटेरियनसारख्या कंपनीच्या अमेरिकन ब्लू-रे ए वर घट्ट बांधलेल्या असतात. जुने, दुर्मिळ पिक्चर निगुतीनं काढणाऱ्या ब्रिटिश कंपन्या तशाच बी वर बांधतात. ज्यांना हक्क देशापुरते मिळतात त्यांना कुलूप घालावंच लागतं. गंमत म्हणजे हौशी माणसाला नेमक्या याच डिस्क हव्या असतात.

दुसरी गोष्ट अशी, की प्लेअरमधली ती नोंद बदलणं रिमोटच्या आकड्यांनी सहसा होत नाही. काही जुन्या मॉडेलांत व्हायचं. आता बहुतेक ठिकाणी आतला बोर्ड किंवा चिप यांच्याशी खेळावं लागतं. म्हणून कुणी 'मल्टी-रिजन' म्हटलं की एकच प्रश्न विचारा: "डीव्हीडीला का ब्लू-रेला?" दुकानदार गप्प झाला तर डीव्हीडीला असं समजा.

तिसरी पायरी: प्लेअर कुठल्या देशासाठी बनलाय?

प्लेअरचा विभाग तुम्ही कुठं राहता यावर ठरत नाही. तो कुठल्या बाजारात विकायला बनवला यावर ठरतो. कोल्हापुरात, रीतसर भारतीय बिलावर घेतलेला प्लेअर सी आणि डीव्हीडीला ५. तुमच्या डिस्क भारतात घेतलेल्या असतील किंवा कुलूप नसलेल्या असतील तर हाच घ्या, वॉरंटी मिळेल, पुढचं वाचायचीही गरज नाही.

ए किंवा बी ची हौस असेल तर कुणीतरी बाहेरून आणून देणार, हे आलंच. आणि इथं बहुतेकजण माझ्यासारखीच चूक करतात: अमेरिकेतला भाचा धरतात. अमेरिकेत विकले जाणारे अनेक प्लेअर १२० व्होल्टवरच चालतात. आपल्याकडे भिंतीत २३०. सरळ लावला तर आपल्याकडच्या भाषेत जाळ अन् धूर संगटच, आणि या वेळी अगदी शब्दशः. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावून भागतं, पण तो जड, गरम होणारा डबा टीव्हीखाली कायमचा मुक्कामाला येतो. शिवाय अमेरिकन प्लेअर बहुधा ५० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला ५० वेळा बदलणारं, चित्र देत नाहीत, कारण तिथली टीव्हीची पद्धत एनटीएससी, ६० हर्ट्झची. त्यामुळे युरोपातल्या मालिकांची किंवा जोडकार्यक्रमांची ५० हर्ट्झवर काढलेली डिस्क कुलूप नसूनही त्यावर रुसते. भारतात विकलेले प्लेअर आणि टीव्ही दोन्ही पद्धती सांभाळून घेतात.

मग ए कुठून आणायचा? आग्नेय आशियातून. सिंगापूर, मलेशिया, थायलंड हे सगळे ब्लू-रेच्या नकाशात ए मध्ये आणि विजेला २३० व्होल्टच्या घरात, ५० हर्ट्झ. माझा दुसरा प्लेअर एका मित्रानं सिंगापूरहून आणला. तिकडची चौकोनी तीन पिनांची पिन बदलली की काम झालं, ट्रान्सफॉर्मर नाही, काही नाही. भाच्याच्या डिस्क त्यावर पहिल्याच रात्री चालल्या. डीव्हीडीला मात्र तो ३ नंबरचा, त्यामुळे ५ नंबरच्या काही डीव्हीडी त्यानं नाकारल्या. त्या जुन्या प्लेअरवर बघतो. दोन सवती एकाच शेल्फवर नांदतायत.

बी हवा असेल तर दुबईचा माणूस शोधा. कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी पट्ट्यात प्रत्येक घरामागं आखातात एकजण असतोच. तिकडचा प्लेअर बी, आणि वीज आपल्याला चालणारी. ब्रिटनचाही चालेल.

जपानी ॲनिमेची आवड असणाऱ्या पोरांसाठी: जपान ए मध्ये आहे, म्हणजे वरचा सिंगापूरचा प्लेअर जपानी ब्लू-रेलाही चालतो. जपानहून प्लेअर आणू नका, तिथं वीज १०० व्होल्ट. आणि जपानी डिस्कवर इंग्रजी सबटायटल आहेत का ते घेण्याआधी बघा, पुष्कळदा नसतात.

कुठूनही आणा, प्लेअरच्या मागचा छोटा स्टिकर वाचल्याशिवाय पिन भिंतीत घालू नका. तिथं १००-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर कुठंही लावा. नुसतं १२० किंवा १०० असेल तर थांबा.

चौथी पायरी: नवा, जुना की गेमवाला?

ब्लू-रे प्लेअरचा बाजार आटतोय हे आधी मान्य करू. ओप्पोनं २०१८ मध्ये प्लेअर बनवणं थांबवलं, सॅमसंगनं २०१९ मध्ये अमेरिकेत नवे प्लेअर आणणार नाही असं जाहीर केलं, २०२४ च्या अखेरीस एलजीनंही हात आवरता घेतला. सोनी आणि पॅनासॉनिक टिकून आहेत. त्यामुळे दुकानात शिरून दहा मॉडेलांतून निवडायचे दिवस गेले. आहे त्यातलं बघायचं.

नवा घेत असाल तर सगळ्यात साधा फुल एचडी प्लेअर पुरे. वायफाय, त्यातली ॲप, थ्रीडी यांसाठी जादा पैसे मोजू नका. ती ॲप काही वर्षांत बंद पडतात आणि तुमच्या टीव्हीत त्याहून बरी असतात. ४के टीव्ही असेल आणि ४के डिस्क घ्यायची खरोखर इच्छा असेल तरच ४के प्लेअरकडे जा. तो साध्या ब्लू-रे आणि डीव्हीडीही चालवतो, पण साध्या ब्लू-रेला त्याचं विभागाचं कुलूप असतंच, हे विसरू नका.

जुना प्लेस्टेशन (सोनीचं गेमचं मशीन) हा स्वस्तातला चांगला रस्ता. प्लेस्टेशन ३ हा बऱ्यापैकी ब्लू-रे प्लेअर आहे आणि डीव्हीडी, ऑडिओ सीडीही चालवतो. साधा टीव्हीचा रिमोट त्याला सहसा चालत नाही, ब्लूटूथवाला लागतो, नाहीतर गेमच्या कंट्रोलरनं पिक्चर पुढं-मागं करत बसायचं. प्लेस्टेशन ४ ब्लू-रे चालवतो पण ऑडिओ सीडी नाही, आणि ४के डिस्क तर नाहीच, अगदी प्रो मॉडेलसुद्धा. डिस्कचा ट्रे असलेला प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स ४के डिस्क चालवतात. सिरीज एस ला ट्रेच नाही, तेव्हा नाव वाचून घ्या. आणि एक गैरसमज: प्लेस्टेशनचे गेम कुठल्याही देशातले चालतात म्हणून पिक्चरही चालतील असं नाही. पिक्चरला अक्षर लागतं. भारतात विकलेलं मशीन असेल तर सी.

कॉम्प्युटरला ब्लू-रे ड्राइव्ह लावणं स्वस्त वाटतं, पण विंडोजमध्ये ब्लू-रे बघायची सोय मुळातच नसते. वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं. नवख्यानं या वाटेला जाऊ नये असं माझं मत.

पाचवी पायरी: जुना घेताना काय तपासायचं

जुना प्लेअर बघायला जाताना हातात तीन डिस्क हव्यात: एक डीव्हीडी, एक ब्लू-रे आणि तुम्हाला जी परदेशी बघायचीय ती. विकणारा हमखास डीव्हीडी लावून दाखवतो. डीव्हीडी चालली म्हणजे ब्लू-रे चालेल असं नाही, कारण दोन्हींना वेगळे लेझर लागतात. डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा लाल, ब्लू-रेला ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा. डिस्कचं नावच त्या निळ्या किरणावरून पडलंय. जुन्या प्लेअरमध्ये निळा थकलेला आणि लाल ठणठणीत, असं पुष्कळदा असतं.

ब्लू-रे लावून नुसता मेनू बघून समाधान मानू नका. मधला भाग, मग अगदी शेवटचा भाग लावा. ५० जीबीच्या डिस्कमध्ये २५-२५ जीबीचे दोन थर असतात. एका थरावरून दुसऱ्यावर जाताना अडखळत असेल तर लेन्स दमलीय. ट्रे पाच-सहा वेळा आत-बाहेर करा. रिमोट आहे का बघा. ब्लू-रेच्या मेनूत रिमोटशिवाय हलता येत नाही आणि प्लेअरवर बहुधा दोनच बटणं असतात.

आणि हे खास आपल्या गावासाठी. प्लेअर उलटा करून तळाचे स्क्रू बघा, मागच्या जाळीतून बॅटरीचा उजेड टाका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर भागातल्या कितीतरी घरांत-दुकानांत पाणी शिरलं. त्यातल्या वस्तू वाळवून, पुसून पुढं विकल्या गेल्या. स्क्रूच्या खाचेत तांबूस गंज, जाळीत मातीचा थर किंवा आत कुबट वास असेल तर कितीही स्वस्त असो, नमस्कार करून बाहेर पडा.

सहावी पायरी: टीव्हीला जोडणं

टीव्हीला एचडीएमआय (चित्र आणि आवाज एकाच वायरीनं घेणारं भोक) नसेल तर इथंच अडतं. पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीनं ब्लू-रे बघू असं कुणी म्हणत असेल तर त्याला सांगा, कॉपी होऊ नये म्हणून ती वाट नियमानंच बंद केली आहे. नव्या प्लेअरना मागं ते भोकच नसतं. साधी एचडीएमआय केबल फुल एचडीला पुरते. सोन्याचा मुलामा, ऑक्सिजन-फ्री वगैरे ऐकून दुप्पट पैसे देऊ नका.

जुना होम थिएटर असेल तर तो ऑप्टिकल किंवा कोॲक्शियल वायरीनं जोडता येतो. डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस या पद्धतींचा आवाज त्यातून येतो, पण ब्लू-रेवरचा सगळ्यात वरच्या दर्जाचा आवाज त्या वायरीतून जात नाही, त्याला एचडीएमआयच लागतं. माझ्या कानांना साध्या डीटीएसमध्येही समाधान आहे. पिक्चर दिसतोय पण आवाज येत नाही अशी तक्रार असेल तर प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'बिटस्ट्रीम' काढून 'पीसीएम' करा. दहात नऊ वेळा तेवढ्यानं आवाज येतो.

चित्रासाठी दोनच सेटिंग. प्लेअरमध्ये '२४पी' ऑटोवर ठेवा, कारण पिक्चर सेकंदाला २४ चित्रांनी चालतो आणि ब्लू-रेवर तो तसाच साठवलेला असतो. आणि टीव्हीतलं हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद करा. प्रत्येक कंपनीनं त्याला वेगळं नाव दिलंय, पण ओळखायची खूण सोपी: ते चालू असलं की मोठ्या पडद्याचा पिक्चरही दुपारच्या मालिकेसारखा दिसतो.

पहिल्या दिवशीच प्लेअरचं सॉफ्टवेअर अपडेट करा. नव्या डिस्कवरच्या सुरक्षेच्या चाव्या बदलत असतात, जुनं सॉफ्टवेअर नवी डिस्क नाकारतं. लॅन केबलनं किंवा कंपनीच्या साईटवरून पेन ड्राइव्हवर घेऊन हे होतं. फक्त अपडेट चालू असताना लाईट जाता कामा नये, मध्येच बंद पडलं तर प्लेअर कायमचा आडवा होऊ शकतो. वळवाचे ढग भरून आलेत आणि इन्व्हर्टर नाही, अशा संध्याकाळी हा उद्योग करू नका.

कुणी 'कॉपी करून देतो' म्हणून डिस्क दिली आणि वीसेक मिनिटांनी आवाज गप्प झाला तर प्लेअर बिघडला म्हणून धावू नका. काही पिक्चरच्या आवाजातच सिनाव्हिया नावाची न ऐकू येणारी खूण असते. २०१२ पासूनचे प्लेअर ती ओळखतात आणि कॉपीचा आवाज बंद करतात.

पावसाळा

जूनपासून चार महिने आपल्याकडे कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, डिस्कची काय कथा. कव्हरमध्ये आतला कागद ओला वाटला तर काढून वाळवा. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकू नका, डिस्कच्या पेटीत ठेवा. डांबरगोळ्या मात्र चुकूनही नकोत, त्यांच्या वाफेनं काही जातीचं प्लॅस्टिक विरघळतं. साड्यांच्या कपाटात सीडी ठेवून मी हा प्रयोग नकळत केलाय.

बुरशी आली तर मऊ, किंचित ओल्या सुती कापडानं मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल गोल फिरवू नका. आणि सीडी लायब्रीच्या काळात शिकलेला तो टूथपेस्टचा इलाज विसरा. सीडीत माहितीचा थर पृष्ठभागापासून १.२ मिलीमीटर आत असायचा, डीव्हीडीत ०.६, ब्लू-रेत फक्त ०.१ मिलीमीटर. त्यासाठी वरून कडक लेप दिलेला असतो, म्हणून ती सहसा ओरखडतही नाही. पण टूथपेस्टनं घासाल तर तो लेपच जाईल, आणि मग ए, बी, सी कुठलाच प्लेअर ती वाचणार नाही.